टपोरे डोळे, पाणीदार डोळे

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

डोळ्यांची तारीफ करणं हा आम्हा कवींचा जुना धंदा. मराठीत सुंदर डोळे टपोरे असतात, पाणीदार असतात. आमच्या घरात मराठीबरोबर उर्दूचाही राबता, तिथे ते हरणीचे असतात. ग्रीकांच्या महाकाव्यात देवांची राणी हेरा हिच्या नावामागे एक ठरलेलं विशेषण लागतं, त्याचा अर्थ गायीच्या डोळ्यांची. आपल्याला हे जरा गमतीचं वाटेल. पण गायीचे डोळे ज्यानं शांतपणे पाहिले आहेत, त्याला त्यात वावगं वाटणार नाही.

आज मला याच शब्दांच्या आड दडलेल्या एका आजाराचा इतिहास सांगायचा आहे. बैल आणि डोळा या दोन ग्रीक शब्दांपासून वैद्यकानं एक नाव घडवलं, ब्यूफ्थॅल्मॉस. म्हणजे बैलडोळा. तान्ह्या बाळाचा डोळा नेहमीपेक्षा मोठा दिसतो, त्यातून पाणी येत राहतं आणि बाळ उजेडाकडे बघायला तयार नसतं. दारात नेलं की आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. काचबिंदू हा उतारवयातला आजार अशी आपली समजूत आहे. पण तो जन्मतःही असू शकतो आणि त्याचं हे रूप आहे.

आता आपल्या घरांत काय होतं ते आठवा. बाळ बघायला आलेल्या बायका म्हणतात, "अगं, डोळे किती टपोरे! दृष्ट काढत जा बरं." मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात, काजळ घातलं जातं, पाण्याला सर्दीचं कारण मिळतं. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते पाणी खरोखर साधंच असतं, अश्रूंची नळी अजून उघडलेली नसते एवढंच. पण पाण्याबरोबर उजेडाची भीती असेल, डोळा मोठा असेल, त्यावर धुक्यासारखी झाक असेल, तर गोष्ट वेगळी. ज्या दोन शब्दांनी आपण बाळाचं कौतुक करतो, तेच दोन शब्द तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर लक्षणं म्हणून उतरतात.

मी डॉक्टर नव्हे. बी.ए. झालेला, शब्दांवर जगणारा माणूस. पण हा आजार आमच्या नात्यात आला आणि त्याच्यामागून त्याचा इतिहास वाचण्याचा नाद मला लागला. तो इतिहास शस्त्रक्रियेच्या विजयाचा म्हणून सांगितला जातो, आणि ते खरंही आहे. मात्र त्या विजयानंतर मूल पुढे वीस-तीस वर्षांनी किती पाहू शकतं, हा प्रश्न बराच उशिरा विचारला गेला. मला त्या उशिराबद्दल बोलायचं आहे.

आधी डोळ्याचं साधं गणित. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि सतत बाहेर जातं. हे अश्रू नव्हेत, हे आतलं पाणी. पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, आणि तिच्यामागचा रंगीत पडदा जिथे भेटतात, त्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते. मोरीच्या तोंडाला असते तशी. जाळीतून पाणी एका सूक्ष्म नळीत उतरतं आणि तिथून रक्तात जातं. काही बाळांत ही जाळी आईच्या पोटातच नीट घडत नाही. पाणी तुंबतं, दाब चढतो. मोठ्या माणसात असा दाब चढला तर डोळ्याचा आकार बदलत नाही. मागची दृष्टीची नस मात्र गुपचूप झिजत जाते. बाळाच्या डोळ्याची भिंत ओल्या मातीसारखी असते, सुमारे तीन वर्षांची होईपर्यंत ती ताणली जाते. म्हणून डोळा फुगतो. जन्माच्या वेळी कॉर्नियाची रुंदी साधारण १० मिलिमीटर असते. ११च्या पुढे गेली तर शंका घ्यावी आणि पहिल्या वर्षातच १२ ओलांडले तर शंकेला फारशी जागा उरत नाही. मोठ्या माणसाएवढा कॉर्निया तान्ह्या बाळाला असणं हे सौंदर्य नव्हे.

या ताणात कॉर्नियाच्या आतल्या पापुद्र्याला भेगा पडतात. झ्यूरिचचे नेत्रतज्ज्ञ ओटो हाब यांच्या नावानं त्या रेघा आजही ओळखल्या जातात. दाब उतरला तरी त्या जात नाहीत. डोळा लांबतो आणि लांबलेल्या डोळ्याला दूरचं अंधूक दिसतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या कथेचं बीज इथे आहे: दाब खाली आणता येतो, पण ताणलेला डोळा पुन्हा आधीसारखा होत नाही.

मोठ्या डोळ्यांची बाळं प्राचीन वैद्यांनीही पाहिली होती. पण त्यांचा संबंध आतल्या दाबाशी आहे, हा डोळा काचबिंदूच्याच घराण्यातला आहे, हे १८६९मध्ये फोन मुराल्ट यांनी मांडलं. त्याच्या बाराच वर्षं आधी बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी मोठ्या माणसांच्या काचबिंदूवर रंगीत पडद्याचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती. बाळांवर तिचा फारसा उपयोग होईना. मग नेपल्समध्ये कार्लो दे व्हिन्सेंतीस यांनी १८९०च्या दशकात थेट त्या कोपऱ्यातच बारीक सुरी घालून जाळी छेदायचा प्रयत्न केला. कल्पना अगदी नेमकी होती. अडचण अशी की सुरीचं टोक कुठे आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. पुढे पन्नास वर्षांनी जे जमलं ते त्यांना सुचलं होतं, पण डोळे बांधून सुईत दोरा ओवण्याचा तो प्रकार होता, आणि हळूहळू लोकांनी तो सोडून दिला.

कोपरा का दिसत नव्हता, हेही मोठं मनोरंजक आहे. तळ्यात बुडी मारून तिरकं वर बघितलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो, बाहेरचं काही दिसत नाही. डोळ्यातही तसंच. कोपऱ्यातून निघालेला प्रकाश कॉर्नियावर इतका तिरका येतो की बाहेर न पडता आतच परततो. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथे अलेक्सिओस ट्रान्टास नावाचे ग्रीक डॉक्टर होते. डोळ्याच्या कडेवर बोटानं दाब देऊन त्यांनी हा कोपरा जिवंत माणसात प्रथम पाहिला आणि अशा पाहण्याला नावही त्यांनीच दिलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे माक्सिमिलियन झाल्त्समान यांनी १९१४च्या सुमारास दाखवलं, की डोळ्यावर एक काचेची वाटी ठेवली की प्रकाशाची ती अडवणूक सुटते. पुढे कोप्पे यांनी त्या वाटीला चांगलं रूप दिलं. म्हणजे शस्त्रक्रिया जन्मायच्या आधी तिची नजर जन्मली.

आता या पार्श्वभूमीवर १९३९ सालातलं एक पुस्तक पाहा. मेलबर्नच्या जे. रिंगलंड अँडरसन यांनी या एकाच आजारावर ग्रंथ लिहिला. जगभरच्या नोंदी चाळल्या, सर्व शस्त्रक्रियांचे निकाल तपासले. निष्कर्ष असा काढला, की या मुलांचं भवितव्य काळोखं आहे. पोट भरण्यापुरती नजर टिकेल अशी आशासुद्धा त्यांच्या आईबापांना देता येत नाही. हे निराश माणसाचं मत नव्हतं, त्या दिवसापर्यंतचा तो खरा हिशेब होता. त्या काळात या मुलांची वाट बहुधा अंधशाळेकडे जाई.

आणि अवघ्या तीन वर्षांत तो हिशेब बदलला. सॅन फ्रान्सिस्कोत ओटो बार्कन नावाचे नेत्रतज्ज्ञ होते, वडीलही डोळ्यांचेच डॉक्टर. १९३६मध्ये त्यांनी प्रौढांच्या काचबिंदूसाठी, डोळ्यावर ती काचेची वाटी ठेवून, कोपरा डोळ्यांनी बघत बघत छेद घेण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. प्रौढांत ती फारशी टिकली नाही. पण बाळांत? १९४२मध्ये त्यांनी जन्मजात काचबिंदूवरचा आपला लेख छापला आणि चित्रच पालटलं. बारीक सुरी डोळ्याच्या एका कडेनं आत घालायची, रंगीत पडद्याच्या समोरून, त्याला धक्का न लावता पलीकडच्या कोपऱ्यात न्यायची आणि जाळीवरून एक उथळ रेघ ओढायची. काम काही मिनिटांचं. रेघ ओढली जाते तसा रंगीत पडदा मागे सरकताना दिसतो. नेपल्समध्ये जे अंधारात चाललं होतं, ते आता उजेडात झालं. १९५३मध्ये बार्कन यांनी अशा १९६ डोळ्यांचा हिशेब मांडला. त्यांतल्या बहुतेकांचा दाब उतरला होता.

इतिहास किती खट्याळ असतो बघा. बार्कन यांचं म्हणणं होतं की जाळीवर एक पातळ पापुद्रा पसरलेला असतो आणि आपली सुरी तो फाडते. वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत तो पापुद्रा त्यांच्या नावानं छापला गेला. १९८१मध्ये डग्लस अँडरसन (हे दुसरे अँडरसन, अमेरिकेतले) यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोध घेतला, तर पापुद्रा सापडेना. जाळीचेच दोर जाड आणि घट्ट राहिलेले असतात, असं त्यांना दिसलं. समजूत चुकीची आणि शस्त्रक्रिया बरोबर. बाळांना त्याच्याशी काय कर्तव्य? त्यांचा दाब उतरतच होता.

बार्कन यांच्या पद्धतीला एक अट होती. कॉर्निया स्वच्छ हवा, नाहीतर कोपरा दिसणार कसा? १९६०मध्ये लंडनचे रेडमंड स्मिथ आणि अमेरिकेत हर्मन बुरियन, या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे बाहेरून जायची वाट काढली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात छेद घेऊन ती सूक्ष्म नळी शोधायची, तिच्यात बारीक सळई किंवा दोरा सरकवायचा आणि तो आतल्या बाजूला वळवून नळीची भिंत उघडायची. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या हार्म्स आणि डानहाइम यांनी ही रीत घासूनपुसून पक्की केली. कॉर्निया धुरकट असला तरी आता अडत नव्हतं. १९९५मध्ये बेक आणि लिंच यांनी दोरा नळीतून पूर्ण गोल फिरवून एकाच बैठकीत सगळा कोपरा उघडण्याची पद्धत दिली.

आपल्या देशाला या बाहेरच्या वाटेचं महत्त्व जास्त. कारण आपल्याकडे बाळ उशिरा येतं, डोळा पांढरा पडल्यावर येतं. आणि ही बाळं आपल्याकडे कमी नाहीत. पाश्चात्त्य देशांत दहा हजार किंवा त्याहून जास्त जन्मांमागे एक असं बाळ दिसतं. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंध्र प्रदेशातल्या पाहणीत हे प्रमाण ३,३०० जन्मांमागे एक इतकं निघालं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. अनिलकुमार मंडल यांनी बाहेरून जाळी उघडणं आणि पाण्याला एक नवी वाट करून देणं, अशा दोन शस्त्रक्रिया एकाच बैठकीत करण्याची पद्धत शेकडो मुलांवर वापरली. यातली दुसरी शस्त्रक्रिया केंब्रिजच्या केर्न्स यांनी १९६८मध्ये मांडलेली. लांबून आलेल्या कुटुंबाला पुन्हा पुन्हा यावं लागू नये, म्हणून दोन्ही डोळे एकाच भुलीत करण्याचा त्यांचा अनुभवही त्यांनी प्रसिद्ध केला. २००३मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. जाता जाता सांगतो, ज्यांचं नाव या संस्थेला आहे ते एल. व्ही. प्रसाद म्हणजे सिनेमावाले प्रसाद. १९३१मध्ये मुंबईत झळकलेल्या 'आलमआरा' या आपल्या पहिल्या बोलपटात त्यांनी छोटं काम केलं होतं.

इथवरचा इतिहास ऐकून कोणालाही वाटेल, चला, जिंकलो. दाब उतरला. आता मूल बघेल.

पण दाब मोजतात पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आणि तो भुलीखालच्या बाळाचाही मोजता येतो. नजर मोजायला बाळाला बोलता यावं लागतं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या स्नेलेन यांनी १८६२मध्ये तयार केला, पण त्याच्यापुढे चार महिन्यांच्या बाळाला उभं कसं करणार? शस्त्रक्रिया चौथ्या महिन्यात झाली, तर नजरेचं खरं उत्तर पाचव्या वर्षी मिळतं, पक्कं उत्तर त्याहून पुढे. तोवर शल्यविशारदाचा लेख छापून झालेला असतो आणि मुलाचं कुटुंब यायचं थांबलेलं असतं. म्हणून कित्येक वर्षं यश म्हणजे दाब, एवढंच समीकरण राहिलं. १९६७मध्ये बार्कन यांच्याच शहरातले रॉबर्ट शॅफर आणि त्यांचे सहकारी यांनी, शस्त्रक्रिया झालेली मुलं वर्षांनंतर प्रत्यक्षात काय आणि किती बघतात, हा प्रश्न शीर्षकातच घेऊन लेख लिहिला. १९८०मध्ये मोरँ आणि ब्रायर्स यांनी, या मुलांची नजर कशाकशानं जाते, याचा शोध घेतला. त्यानंतर देशोदेशींचे अहवाल आले. त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाकडची मुलं वेगळी. एका गोष्टीवर मात्र ते जुळतात: दाब आटोक्यात आलेल्या डोळ्यांची संख्या नेहमी मोठी असते आणि चांगलं बघणाऱ्या डोळ्यांची त्याहून लहान. मधल्या फरकात मुलं आहेत.

हा फरक कुठून येतो? थोडा नसेच्या झिजण्यातून, थोडा कॉर्नियावरच्या भेगांतून आणि डागांतून. जन्मतःच डोळा मोठा आणि धुरकट असलेल्या बाळांचं भविष्य त्यातल्या त्यात अवघड. आजार तिसऱ्या महिन्यानंतर आणि वर्षाच्या आत दिसला, लगेच शस्त्रक्रिया झाली, तर निकाल सगळ्यात चांगले. पण आणखी एक कारण आहे आणि ते डोळ्यात नाहीच.

१९६३मध्ये हार्वर्डच्या ह्यूबेल आणि वीझल या दोघा संशोधकांनी मांजराच्या पिल्लांवर प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लाची एक पापणी जन्मानंतर थोड्याच दिवसांत शिवून टाकली, काही महिन्यांनी उघडली. डोळा ठणठणीत, पण पिल्लू त्या डोळ्यानं बघेना. मेंदूनं त्या डोळ्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर काही बिघडलं नाही. म्हणजे बघणं शिकावं लागतं, आणि त्या शिक्षणाची शाळा लहानपणीच भरते. दोघांना १९८१मध्ये नोबेल मिळालं. प्रयोग वाचताना पिल्लांसाठी जीव कळवळतो, हे खरं. पण आळशी डोळा म्हणजे काय, ते जगाला त्यांच्यामुळे नीट कळलं.

त्या दोघांना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. दोन्ही पापण्या मिटवल्या तर नुकसान अपेक्षेपेक्षा कमी. काचबिंदूच्या मुलांतही हेच. एकाच डोळ्याला आजार असलेल्या मुलाचा तो डोळा, दोन्ही डोळे आजारी असलेल्या मुलाच्या डोळ्यापेक्षा अनेकदा कमी बघतो. निरोगी डोळा भावाचा वाटा खातो. आईबापांना वाटतं, एक डोळा तर चांगला आहे, नशीब! आणि त्या नशिबापायी दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं.

याला उपाय जुना आहे. फ्रान्सच्या ब्युफॉं यांनी १७४३मध्येच सांगून ठेवलं होतं, की चांगला डोळा झाका आणि दुबळ्याला काम करू द्या. रोज काही तास पट्टी, सोबत योग्य नंबरचा चष्मा, तोही वर्षाच्या आतल्या बाळाला. सांगायला सोपं. पण ज्या डोळ्यानं नीट दिसतं तोच झाकलेलं मूल रडतं, पट्टी ओढून काढतं, चष्मा फेकतं. आई रोज पोलीस होते. शस्त्रक्रिया तासाभरात उरकते, ही शिक्षा सात-आठ वर्षं चालते आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रात कधी छापून येत नाही.

आमच्या नात्यातली मुलगी १९९४ची. माझ्या मावसबहिणीची लेक, मला मामू म्हणते. दोन्ही डोळ्यांना आजार, डाव्याला जास्त. पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, दाब उतरला तो आजतागायत उतरलेला आहे. पट्टी दीड वर्ष चालली. मग घरात एक लग्न निघालं, गाव बदललं, आणि मोठ्यांनी म्हटलं, "ऑपरेशन झालंय ना, डॉक्टरांनी दाब उत्तम लिहून दिलाय, आता त्या लेकराला कशाला छळता?" कागदावर खरोखर तेवढंच लिहिलेलं होतं, पट्टी का आणि किती दिवस, हे त्या दवाखान्यात कुणी बसून समजावलं नव्हतं. आज उजव्या डोळ्यानं चष्म्यासह तिला ६/१२ दिसतं, डाव्यानं समोरची बोटं मोजता येतात. ती मराठी शाळेत शिकवते. वह्या तपासताना भिंग वापरते. एकदा मी विचारलं, कुठलं अक्षर आधी जातं? म्हणाली, "मामू, अक्षर नाही जात, अनुस्वार जातो. मग रफार. मग ध आणि घ एक होतात, भ आणि म एक होतात. अर्थावरून मी ओळखते." मी आयुष्यभर अनुस्वारांवरून छापखान्यांशी भांडलो आहे. त्या टिंबासाठी कुणाला डोळ्याचं एवढं बळ लावावं लागतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मोठा झालेला हा डोळा नाजूकही असतो. आंद्रेया बोचेल्ली हा इटालियन गायक आपल्यातल्या अनेकांनी ऐकला असेल. १९५८चा जन्म, टस्कनीतला. जन्मजात काचबिंदू, लहानपणी नजर अधू होती, पण होती. बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना डोळ्याला मार बसला आणि उरलेली नजर गेली. लोक त्याच्या आवाजाची कहाणी सांगतात, मला त्या चेंडूची आठवण राहते. ताणून पातळ झालेल्या डोळ्याला साधा मारही भारी पडतो. अशा मुलांना खेळू द्यावं की नाही, यावर आयांची झोप उडते. खेळू द्यावं, पण संरक्षक चष्मा घालून, असं आजचे डॉक्टर सांगतात.

आणि दाबाचंही असं आहे, की तो दहा वर्षांनी, वीस वर्षांनी पुन्हा चढू शकतो, तेही मुकाट्यानं, कारण मोठेपणी डोळा फुगून सूचना देत नाही. मग थेंब, पुन्हा शस्त्रक्रिया किंवा डोळ्यात बारीक नळी बसवणं. अशी परदेशी नळी महाग. मदुराईच्या ऑरोलॅबनं २०१३च्या सुमारास स्वस्त भारतीय नळी आणली, तेव्हापासून कित्येकांना ती परवडू लागली. वर्षातून एकदोनदा तपासणी मात्र जन्मभराची.

हा आजार येतो कुठून? १९९७मध्ये सरफराझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की कुटुंबांचा अभ्यास करून दुसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक शोधलं. त्यातला दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं. एकाकडूनच आला तर माणूस निरोगी राहतो आणि दोष पुढे नेतो. दोघंही असे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. सगळ्या रुग्णांत हेच जनुक सापडतं असं नाही आणि नात्याबाहेरच्या लग्नातही हे मूल जन्मतं. पण जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे प्रमाण वाढतं. स्लोव्हाकियातल्या रोमा लोकांत ते १,२५० जन्मांमागे एक इतकं आढळलं, सौदी अरेबियात २,५००मागे एक. आमच्यात चुलत, मावस, मामे, सगळी नाती चालतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ऐकवलंही जातं. महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्क मानत आले, ते मात्र बोलण्यात येत नाही. जनुकाला धर्म विचारता येत नाही, नातं तेवढं विचारता येतं. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा चुलत भावंडं.

२०१३च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. चांगली योजना, अंगणवाडीपर्यंत पोचणारी. जन्मापासूनच्या दोषांची जी नऊ नावं तिच्या मूळ यादीत आली, त्यांत जन्मजात मोतीबिंदू होता, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलाचा विकार होता. जन्मजात काचबिंदू नव्हता. दुर्मीळ म्हणून राहिला असेल. पण बाळाच्या काळ्याभोर वर्तुळाची रुंदी बघायला यंत्र लागत नाही. आशाताईच्या हातात साधी पट्टी असली, आणि टपोऱ्या डोळ्यांचं कौतुक करताना एक क्षण थांबण्याची सवय असली, तर बाळ पाचव्या महिन्याऐवजी पहिल्याच महिन्यात मोठ्या दवाखान्यात पोचू शकतं.

ज्या मुलांबद्दल १९३९मध्ये काळोख भाकीत केला होता, त्यांच्या वारसदारांची आता लग्नं होत आहेत, मुलं होत आहेत. घरात एकाला हा आजार असेल तर पाठच्या प्रत्येक भावंडाचे आणि पुढच्या पिढीच्या बाळांचे डोळे पहिल्या आठवड्यातच तपासायचे असतात. आमच्या भाचीनं नात्याबाहेर लग्न केलं. तिचा नवरा वाहक नसेल तर बाळांना धोका जवळजवळ नाही, असं तिला सांगितलं होतं. तरी बाळ झाल्यावर सहाव्या दिवशी तिनं स्वतः हट्टानं तपासणी करून घेतली. रुंदी साडेनऊ मिलिमीटर, काच स्वच्छ. संध्याकाळी मला फोन आला. "मामू," ती म्हणाली, "डोळे साधेच आहेत. अगदी साधे."